वाटेत आत्याचं घर

मॅरेथॉन नेमकी ४२.१९५ किलोमीटरचीच का, असं कुणी विचारलं की मी सांगते, घरच्यांमुळे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड, आणि १९२१ मध्ये तेच कायम झालं. त्याआधी पहिल्या ऑलिंपिकला लोक साधारण ४० किलोमीटर धावून मोकळे झाले होते. वरचे दोन राजघराण्याच्या सोयीचे. मीही एका घराण्याच्या सोयीनंच धावते. ते दादरला राहतं एवढंच.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते, बहुधा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. म्हणजे संक्रांत नुकतीच झालेली आणि हळदीकुंकवं जोरात. शिवाय छातीवर लावायचा नंबर आदल्या दिवसांत बीकेसीला जाऊन घ्यावा लागतो, त्यामुळे सांगलीहून येणाऱ्याला मुक्काम चुकत नाही. दादरला सख्खी आत्या असताना हॉटेलात उतरणं म्हणजे माहेर तोडणं.

काकांनी चष्मा लावून मार्गाचा नकाशा पाहिला. "व्हीटीहून निघायचं, वांद्र्याला जायचं आणि परत व्हीटीलाच यायचं?"

"हो."

"मग निघतेस कशाला?"

यावर कुठल्याही प्रशिक्षकाकडे उत्तर नाही. पुढे त्यांना कळलं, की परतीच्या वाटेवर मी माहीमवरून कॅडल रोडनं, म्हणजे त्यांच्या दारावरूनच जाणार. तेव्हा ते एकदम खूश झाले. "अगं, मग वर येऊन चहा घेऊन जा ना!"

शर्यतीआधीचे दोन-तीन दिवस भात, बटाटे असं पिठूळ जास्त खावं, म्हणजे स्नायूंत साखर साठते, हे मी आत्याला शास्त्रशुद्ध समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे गुळपोळी." वर तुपाची धार. तूप ह्या शास्त्रात बसत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "घोट्यांना लागतं."

शनिवारी रात्री आठला झोपायचं असा माझा बेत होता. शनिवारीच संध्याकाळी आत्याकडे हळदीकुंकू होतं. मला पाटासारखं मध्ये मांडून ठेवलं, आणि येणारी प्रत्येक बाई हातात वाण घेत विचारत होती, "पहिली येणार ना?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग बक्षीस काय?" बक्षीस नाही, उलट आपणच पैसे भरतो, हे ऐकून एकीनं माझ्या नवऱ्याची चौकशी केली. तो काय करतो, म्हणजे अजून नोकरीत आहे ना, अशी.

दरम्यान आत्याला माझ्या टी-शर्टवर सेफ्टी पिनांनी लावलेला नंबर दिसला. "हे काय गबाळं!" म्हणून तिनं सुई-दोरा काढला. नंबराच्या मागच्या बाजूला वेळ मोजणारी चिप असते. तिच्यातून टाका जायच्या आत मी टी-शर्ट हिसकावला. कडा दुमडून छान हात-शिलाई करून देणार होती, याची हळहळ तिला अजून आहे.

शर्यत पहाटे पाचची. मी तीनला उठले तर स्वयंपाकघरात पोह्यांची फोडणी पडली होती. शर्यतीच्या दिवशी पोटात नवं काही घालू नये हा धावणाऱ्यांचा पहिला नियम, आणि शुभ कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवावी हा आत्याचा. आत्याचा जुना आहे. दही खाल्लं, "येते" म्हणाले, निघाले.

मरीन ड्राइव्ह, हाजी अली, सी-लिंक. सारं छान झालं. छान झालेल्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं.

कॅडल रोडला आख्खी बिल्डिंग फुटपाथवर उतरली होती. आत्याच्या हातात निरांजन लावलेलं तबक. समुद्राच्या वाऱ्यानं ते विझायचं, काका पुन्हा पेटवायचे, आणि मी जागच्या जागी उड्या मारत राहिले, कारण थांबले असते तर पाय आखडले असते. "नीट उभी राहा गं, फोटो हलतोय." ओवाळून झालं. मग आत्या म्हणाली, "ह्या सुमनकाकू. नमस्कार कर." अर्ध्याहून जास्त मॅरेथॉन झाल्यावर माणूस वाकू शकतो, उठण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते. ती काकांनी केली.

१९०८ च्याच शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री पहिला स्टेडियममध्ये आला, पण पडत-धडपडत. पंचांना कळवळा आला, त्यांनी त्याला उचलून धरलं, आणि मदत घेतली म्हणून तो बाद झाला. सुवर्णपदक अमेरिकेच्या हेजला गेलं. पिएत्रीला राणीनं सहानुभूतीचा चषक दिला. माझ्याबाबत कुणी तक्रार केली नाही, कारण माझ्या जागेवर कुणाचा डोळा नव्हता.

निघताना आत्यानं माझ्या एनर्जी जेलच्या खिशात तिळाचे लाडू कोंबले. तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे अंगातली साठवलेली साखर संपत येते आणि पाय विटांचे होतात. त्यानंतर परतीचा पेडर रोडचा चढ. तिथे मी महागाचं जेल खाल्लं, काही घडलं नाही. मग लाडू खाल्ला. चढ संपला. शास्त्रात लाडू बसतो की नाही ते पाहायला हवं, तूप मात्र अजूनही बसत नाही.

निकालात दोन वेळा छापतात: शर्यत सुटल्यापासूनची आणि आपण सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची. ओवाळणं, फोटो आणि सुमनकाकू दोन्हींत धरलेल्या आहेत. आयोजकांना हात जोडून विनंती, की मार्गावर नातेवाईक असणाऱ्यांसाठी तिसरी वेळ छापावी.