तिघांचा खेळ, चौघांचं घर

टॉम क्लॅन्सी हे अमेरिकी कादंबरीकार भलतेच काटेकोर. पाणबुडीवर लिहिलं तर वाचकाने पुस्तक मिटून थेट नौदलाच्या परीक्षेला बसावं, इतकं लिहायचे. त्यांची ‘रेनबो सिक्स’ ही कादंबरी 1998 साली आली आणि त्याच साली त्याच नावाचा व्हिडिओ गेमही आला. दोन्हींतले शत्रू वाईट होते, पण माणसं होती. 2013 मध्ये क्लॅन्सी गेले, नाव मागे राहिलं. अडवायला माणूस नसला की नाव कुठपर्यंत जाईल याचा नेम नाही. 20 जानेवारी 2022 रोजी युबिसॉफ्ट कंपनीने ‘रेनबो सिक्स एक्स्ट्रॅक्शन’ बाजारात आणला आणि क्लॅन्सींच्या नावाखाली परग्रहावरची बांडगुळं अमेरिकेत उतरली.

बांडगूळ एकदा शिरलं की हलत नाही, हे संसारी माणसाला निराळं सांगायला नको. या खेळात ती न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, अलास्का आणि न्यू मेक्सिकोतलं ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ नावाचं गाव व्यापून बसली आहेत. हे गाव खरंच आहे. पूर्वी त्याचं नाव हॉट स्प्रिंग्ज होतं. 1950 मध्ये रेडिओवरच्या एका प्रश्नमंजूषेचं नाव गावाने आनंदाने स्वतःला लावून घेतलं. एवढं उत्साही गाव परग्रहवासीयांना आवडलं, यात नवल नाही.

खेळाच्या स्वतःच्या बारशाची कथाही मजेदार आहे. 2019 मध्ये तो जाहीर झाला तेव्हा त्याचं नाव ‘क्वारंटाइन’ होतं. पुढच्याच वर्षी सगळं जग तोच खेळ घरी बसून फुकट खेळू लागलं. 2021 मध्ये कंपनीने मुकाट्याने नाव बदललं.

प्रस्तुत लेखकाच्या घरात हा खेळ चिरंजीवांच्या मार्गे शिरला. “बाबा, हा फॅमिलीने खेळायचा आहे, को-ऑप आहे,” अशी त्याची जाहिरात झाली. को-ऑप म्हणताच लेखकाच्या डोळ्यांसमोर हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा उभी राहिली आणि बंदुका कशासाठी, हे आपोआप पटलं. इथे मात्र को-ऑप म्हणजे एकमेकांवर नव्हे, एका बाजूने लढायचं. याचा थोरला भाऊ ‘सीज’ यात पाच माणसं पाच माणसांवर तुटून पडतात. त्याच ‘सीज’मध्ये 2018 साली चार आठवड्यांपुरती परग्रहवासीयांविरुद्धची एक मोहीम ठेवली होती, ती लोकांना आवडली आणि तिचाच पुढे स्वतंत्र संसार झाला.

पहिली अडचण अंकगणिताची निघाली. या खेळात एका वेळी फार तर तिघं. लेखकाच्या घरात माणसं चार. मुलगा उपकरणांचा जाणकार, मुलगी नेमबाज, लेखक वयाने ज्येष्ठ. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी लेखकाची पत्नी सोफ्यावर बसून नुसती बघत राहिली. कंपनीने ‘नुसतं बघणारी व्यक्ती’ हा धोका लक्षातच घेतलेला नाही.

“अहो, मागे बघा.”

लेखकाने मागे म्हणजे स्वयंपाकघराकडे बघितलं. तेवढ्यात पडद्यावर जे व्हायचं ते झालं.

या खेळात धावत सुटून गोळ्या झाडणाऱ्याची खैर नाही. ड्रोन सोडून आधी खोली बघायची, वाकून चालायचं, बंदुकीला सायलेन्सर लावायचा. एका परग्रहवासीयाने तुम्हाला पाहिलं की तो किंचाळतो आणि आसपासची घरटी जागी होऊन त्यांतून आणखी भाईबंद बाहेर पडू लागतात. म्हणजे यशाची गुरुकिल्ली शांतता, आणि ती मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हाती दिलेली. मुलगी कुजबुजत होती, “बाबा, पिंग करा, बोलू नका.” पिंग म्हणजे बटण दाबून शत्रूवर खूण करायची, साथीदारांना ती दिसते. लेखकाने शिकल्याबरोबर दारं, खिडक्या, एक खुर्ची आणि स्वतःचा मुलगा यांवर खुणा केल्या.

पण या खेळातली खरी बुद्धिमान कल्पना पुढेच आहे. मोहिमेचे तीन टप्पे असतात आणि मधे हवाबंद दारं. एक काम संपलं की ठरवायचं, पुढे जायचं की मिळालं तेवढं घेऊन परतायचं. पुढे गुण जास्त आणि धोकाही जास्त. इथेच कुटुंबं बुडतात. “चला, निघतो हं” म्हणून उंबऱ्यात अर्धा तास गप्पा मारणाऱ्या समाजाला वेळेवर निघणं शिकवायला बहुधा परग्रहवासीयच यावे लागणार होते. चिरंजीवांना प्रत्येक वेळी पुढे जायचं असे, मुलीला परतायचं असे, आणि लेखकाचं निर्णायक मत विचारण्याची प्रथा लवकरच बंद पडली.

लोभाची शिक्षाही नामी आहे. मोहिमेत पडलात आणि साथीदारांनी उचलून नेलं नाही, तर तुमचा सैनिक पिवळ्या फेसात गोठून तिथेच पडून राहतो. तो यादीतून बाद. पुढच्या मोहिमेत त्याच ठिकाणी जाऊन त्याला परग्रही झाडाच्या विळख्यातून ओढून काढायचा आणि खांद्यावर टाकून आणायचा. जो जखमी होऊन परततो तोही लगेच ठणठणीत होत नाही. दुसऱ्यांना पाठवून त्याला विश्रांती द्यावी लागते. खेळ निघाला तेव्हाच त्यात 18 सैनिक होते, ते उगाच नव्हे. अशी रजा प्रत्यक्षात कुणी देत असेल तर लेखक अर्ज करायला तयार आहे.

लेखकाचा लाडका सैनिक डॉक होता, साथीदारांना दुरून औषधाची मात्रा मारणारा. तो फेसात गेला तेव्हा मुलं त्याला आणायला तत्परतेने निघाली. लेखकाचा कंठ दाटून आला. सुटकेचे गुण मिळतात, हे नंतर कळलं. त्या मोहिमेत लेखकाच्या जागी पत्नी बसली होती. सोफ्यावरून तिने सगळ्या घरट्यांच्या जागा पाठ केल्या होत्या. तिने एकही गोळी वाया न घालवता डॉकला बाहेर काढलं आणि दारापाशी पोचताच म्हणाली, “बास, आता जेवायला.” दोघंही मुकाट्याने उठली. असा सेनापती क्लॅन्सींनासुद्धा सुचला नव्हता.

आता खर्चाचं. हा खेळ पडद्याचे तुकडे करून एका टीव्हीवर खेळता येत नाही. तिघांना तीन यंत्रं, तीन प्रती आणि चालू इंटरनेट लागतं. एक दिलासा असा की प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणक यांवरची माणसं एकत्र खेळू शकतात. खेळ निघाला तेव्हा प्रत्येक खरेदीसोबत दोघांना 14 दिवस फुकट खेळवायचा पासही होता. घरच्यांना चटक लावायला 14 दिवस पुरतात, हे कंपनीला कुणी सांगितलं कोण जाणे. युबिसॉफ्टचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईतही आहेत. हा खेळ मात्र मॉन्ट्रियलचा, त्यामुळे तक्रार घेऊन पुण्यात जाऊन उपयोग नाही.

लहान मुलांसाठी हा खेळ नव्हे. इथे माणसं मारायची नसली तरी प्राणी ओंगळ आहेत, अंधार आहे, दचकवणं आहे. अमेरिकी वेष्टनावर ‘टी’ असेल तर खेळ 13 वर्षांपुढचा आणि ‘एम’ असेल तर 17 पुढचा, एवढं कोणताही खेळ घेताना बघावंच. तिसरा गडी घरातला नसेल तर खेळ अनोळखी माणूस जोडून देतो. अशा वेळी मुलांचा व्हॉइस चॅट बंद ठेवावा.

मुलं मोठी असतील आणि घरात तिघंच असतील, तर हा खेळ जरूर घ्यावा. चौघं असाल तर व्हॉल्व्ह कंपनीचा ‘एलियन स्वार्म’ बघा. 2010 मध्ये आलेला, स्टीमवर फुकट, शत्रू तसेच परग्रही आणि खेळायला चौघं. फक्त त्यात नेम चुकला तर गोळी आपल्याच माणसाला लागते, तेव्हा कोण कुणाच्या पुढे चालणार हे जेवणाआधी ठरवून घ्या.