सेडान मोकळी करण्याची रीत
(नेकनूर व परिसरासाठी)

सगळं गाव "स्कॉर्पिओ घे" म्हणत असताना ज्या गृहस्थांनी सेडान घेतली, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. कार्यक्षेत्र बीड जिल्ह्यातलं नेकनूर, येळंबघाट, मांजरसुंबा, चौसाळा, लिंबागणेश आणि मधल्या सर्व वाड्या-वस्त्या. पुण्या-मुंबईच्या मालकांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांना यातलं फारसं लागू पडणार नाही. तिकडे शेजाऱ्याची नवी गाडी आली तर माणूस आपली पार्किंगची जागा शाबूत आहे ना, एवढंच बघतो.

खरेदीपासून सुरुवात करू. मध्यम सेडान म्हणजे साडेचार मीटरच्या आसपासची गाडी. व्हर्ना ४५३५ मिलिमीटर, स्लाव्हिया ४५४१, व्हर्टस ४५६१, सिटी ४५८३. ही लांबी सरकारच्या डोळ्यांत खुपते. चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. आपल्या गाडीचं शेपूट त्या रेषेच्या हात-सव्वा हात पुढं जातं, म्हणून आपल्याला ४० टक्के. वर पासिंगचा कर वेगळा. थोडक्यात, डिक्कीचे पैसे दोनदा भरावे लागतात, एकदा कंपनीला आणि एकदा सरकारला. मास्तर लोकांचा लाडका पर्याय सियाझ होता. ती २०१४ साली आली आणि एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. आता मास्तरांनी कोणाकडे बघायचं, हा विषय या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही.

मराठवाड्यात गाडी एकट्यानेच घ्यावी असा काही नियम नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या संभाजीनगरच्या, मंडळींनी एकी करून दीडशे मर्सिडीज एका झटक्यात घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा, कर्ज स्टेट बँकेचं. गठ्ठ्याने घेतल्यामुळे भावात सूट मिळालीच, पण खरा फायदा असा की "केवढ्याला बसली?" हे त्यांना एकमेकांना विचारावं लागलं नाही. नेकनुरात दीडशे जमवणं अवघड. तिघे जमले तरी शोरूमपर्यंत जाता जाता दोघे बोलेरोवर घसरतात. तेव्हा एकट्यानेच घ्यावी आणि त्या प्रश्नाची तयारी घरूनच करून जावी. उसने मागू शकणाऱ्या पाव्हण्यांना ऑन-रोड किंमत सांगून वर हप्ता किती वर्षांचा आहे तेही सांगावं. मुलीच्या सासरच्यांना किंमत सांगावी, हप्ता सांगू नये. चौकात मात्र हप्त्याचा विषयच काढू नये. तिथं उभ्या असलेल्या निम्म्या लोकांची ठेव मल्टिस्टेट पतसंस्थेत अडकलेली असते; एकदा तो विषय निघाला की गाडी बघायची राहून जाते.

नंबर एमएच २३ चा मिळेल. अंबाजोगाईकडच्या साडूला एमएच ४४ मिळतो, त्यावरून त्याला हिणवू नये. तोही आपल्याला हिणवत असतो. ४१४१ घेऊन त्याचा "दादा" करायचा बेत असेल तर उशीर झाला आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला कारखान्याच्या साच्यातलीच उच्च सुरक्षा नंबरपाटी येते आणि तिच्यावर इंग्रजी आकडे उठवलेले असतात. त्यात दादा काही केल्या दिसत नाही. एका पिढीची चित्रकला यात गेली, तिची कुठे नोंदसुद्धा झाली नाही.

आता मुख्य विषय. गाडी मोकळी करणे.

कंपनीच्या पुस्तकात याला पहिले हजार किलोमीटर दिलेले असतात. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांची ओळख व्हायची असते. भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ओढलेल्या असतात. त्या तेल धरून ठेवतात आणि रिंगा तिथंच घासून बसतात. त्यासाठी इंजिनावर कधी कमी, कधी जास्त जोर पडावा लागतो. सतत एकाच संथ चालीत गाडी ठेवली तर रेघा नुसत्याच गुळगुळीत होतात आणि पुढं गाडी ऑइल खायला लागते. शिवाय ब्रेकचे लायनर साधारण दोनशे किलोमीटरनंतर पकड घेतात, टायर पाचशेनंतर. जुन्या फियाट-ॲम्बेसेडरच्या काळात मागच्या काचेवर "रनिंग इन" लिहायची पद्धत होती, म्हणजे मागच्याने समजून घ्यावं. आजची इंजिनं जास्त काटेकोर बनतात आणि तेवढा सोवळेपणा लागत नाही, पण पुस्तकातल्या अटी कायम आहेत. एकसारखा वेग नको. इंजिन ताणून पळवणं नको. वरच्या गिअरात कण्हत ओढणं नको. जड बोजा नको.

संभाजीनगरच्या शोरूममधून गाडी घरी आणताना पहिली अट पाळायला फक्त बीडपर्यंत कष्ट पडतात. राष्ट्रीय महामार्ग ५२ चौपदरी आहे आणि गेवराईपर्यंत ऐंशीवर काटा ठेवून डुलकी लागेल इतका सपाट. तिथं जाणूनबुजून साठ, पंच्याहत्तर, पुन्हा साठ असं चालावं. मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही पिऊन चालवताय असं वाटेल, वाटू द्यावं. पाडळशिंगीच्या टोलनाक्यावर फास्टॅग चालला तर शुभशकुन मानावा. पाली मागं टाकून मांजरसुंब्याचा घाट चढताना खालचा गिअर धरावा. इथं मागच्या सीटवरचे नाना हमखास म्हणतात, "टाक की वरचा, डिझेल जळायलंय." गाडी पेट्रोलची आहे हे त्यांना घाट संपल्यावर सांगावं.

मांजरसुंब्याच्या चौकातून केजच्या अंगाला वळलात की पुस्तक मिटून ठेवलं तरी चालतं. तिथून पुढं उसाची ट्रॉली, बैल, शाळा सुटलेली पोरं आणि रस्त्याच्या मधोमध थांबून मोबाईलवर बोलणारे दुचाकीस्वार, एवढी मंडळी वेग एकसारखा राहणार नाही याची काळजी घेतात. परदेशात बसून हे पुस्तक लिहिणाऱ्याने हा रस्ता पाहिला असता तर तो प्रकरणच काढून टाकलं असतं.

गावात शिरल्यावर चार टायरांखाली चार लिंबं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नारळ. कोणी मारुतीपुढं, कोणी बंकटस्वामींच्या मठापुढं. नारळ दगडावर फोडावा, बंपरवर नाही. उत्साहात हा फरक विसरला जातो. कुंकू त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसावं, नाहीतर पांढऱ्या रंगावर गुलाबी डाग धरतो. काळी बाहुली मागं बांधली तर पार्किंगचा कॅमेरा झाकला जातो आणि पडद्यावर एक केसाळ राक्षस दिसत राहतो. ती पुढं बांधावी.

त्यानंतर चौकाची परीक्षा. ती टाळता येत नाही, आणि टाळूही नये. न दाखवलेल्या गाडीबद्दल लोक जास्त बोलतात. पहिला परीक्षक बोटाच्या पेराने दार ठोकतो आणि जाहीर करतो, "पत्रा पातळ हाय." ग्लोबल एनकॅपने २०२३ साली व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हर्ना यांना सुरक्षेचे पाच तारे दिले, पण त्या लोकांनी गाडी भिंतीवर आपटून बघितली, पेराने ठोकून कुणी बघितली नाही. दुसरा परीक्षक आत बसतो, सीट मागं सारतो, आरसा बघून मिशीवरून हात फिरवतो आणि उतरताना कंबर धरून "आई गं" म्हणतो. सेडानमध्ये बसणं म्हणजे उतरणं आणि उतरणं म्हणजे चढणं, याचा दोष गाडीला द्यावा की गुडघ्याला, हे त्याचं त्यानं ठरवावं. तिसरा विचारतो, "ॲव्हरेज काय देती?" पुण्याच्या एआरएआयने प्रमाणित केलेला आकडा पाठ असला तरी सांगू नये. तो प्रयोगशाळेत रोलरवर निघालेला असतो, तिथं उसाची ट्रॉली आडवी येत नाही. "अजून मोकळी व्हायचीय" हे उत्तर पहिल्या हजार किलोमीटरांत कुणालाही पुरतं. चौथा परीक्षक बोलतच नाही. तो भोवती एक चक्कर मारतो, खाली वाकून बघतो आणि शेवटी म्हणतो, "थोडे अजून टाकले असते, तर स्कॉर्पिओ आली असती." याला उत्तर नाही. चहा सांगावा.

तो खाली वाकला होता, त्यात तथ्य आहे हे मात्र मान्य करावं लागतं. स्लाव्हिया आणि व्हर्टसच्या पोटाखाली १७९ मिलिमीटर, सिटीखाली १६५, आणि माणसं बसली की तेही कमी होतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सावकाश चढून सावकाश उतरणारा असावा. तसा बांधला तर सेडानला काही धोका नाही. पण आपल्याकडचा गतिरोधक इंजिनिअर बांधत नाही. ज्या दिवशी पोराला धक्का लागतो त्या रात्री मुरूम, सिमेंट आणि संताप कालवून तो उभा राहतो, आणि संतापाला माप नसतं. तो अरुंद आणि टोकदार असल्यामुळे पुढचं चाक उतरतं तेव्हा मागचं अजून चढलेलं नसतं आणि मधलं पोट टेकतं. त्यासाठी गाडी तिरपी घालावी, एका वेळी एकच चाक चढू द्यावं आणि क्लच न जाळता पहिल्या गिअरात सरकावं. ओळखीचे गतिरोधक तोंडपाठ करावेत. "खर्र" असा आवाज आलाच तर आत बसलेल्यांकडे बघू नये. ते आधीच एकमेकांकडे बघत असतात.

तिरपी घालूनही टेकत असेल तर वजन उतरवावं लागतं, आणि इथं तांत्रिक ज्ञान संपून नात्यांचं ज्ञान सुरू होतं. सासऱ्यांना उतरवता येत नाही. बायकोला उतरवलं तर गतिरोधक ओलांडून गाडी थांबेपर्यंतच्या चार पावलांत बरंच काही बोलून होतं. भाच्यांना उतरवावं. त्यांना ते आवडतं, ते मागून ढकलल्याचं नाटकही करतात.

डिक्कीबद्दल. व्हर्टस-स्लाव्हियाची ५२१ लिटर, व्हर्नाची ५२८. लिटर म्हटलं की आपल्याकडे डेअरी आठवते. ४० लिटरच्या कॅनच्या हिशेबाने तेरा कॅन बसायला हवेत. प्रत्यक्षात उभे कॅन लावून झाकण बंद होत नाही, हे एकानं तरी करून बघणारच, म्हणून आधीच लिहून ठेवलं. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ४५ ची झाली. त्या पाच किलोंचा फायदा धरून एक गोणी जास्त टाकायचा मोह पहिल्या हजार किलोमीटरांत आवरावा. जड बोजाची अट हीच. सीताफळाच्या दिवसांत पिकलेली पाटी डिक्कीत ठेवली तर जपावं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण गालिच्यात मुरलेल्या गराला ते लागू नाही. आणि बाजाराच्या दिवशी कोणी "एकच शेळी आहे, पायाशी बसंल" असं म्हणालं तर नम्रपणे गाडी सर्व्हिसिंगला निघालीय असं सांगावं.

पहिली लांबची फेरी तुळजापूरचीच होते, यात निवडीला वाव नसतो. सीटबेल्ट पाच आणि देवीला निघालेली माणसं सात, हा हिशेब आदल्या रात्रीच मिटवावा. पहाटे पाचला दारात मिटत नाही. आत्याबाई पुढं बसतील. येरमाळ्याला येडेश्वरी वाटेत लागते आणि तिथंही थांबावंच लागतं, म्हणजे वेग एकसारखा राहू नये ही अट पुन्हा देवानंच पाळून दिली.

पेट्रोलची एक गोष्ट इथल्या मालकाला कुणी सांगत नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्यातलं काही इथेनॉल उसापासून येतं. दसरा-दिवाळी झाली की याच भागातून टोळ्या कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. म्हणजे "गाडी ॲव्हरेज देईना" अशी तक्रार करणाऱ्याच्या टाकीत शेजारच्या तांड्यावरच्या माणसाची मेहनत असू शकते, आणि त्या माणसाने अजून गाडीत पाय ठेवलेला नसतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडं उतरणारच. ते उतरलेलं ॲव्हरेज चौकात सांगताना आवाज जरा खाली ठेवावा.

हजार किलोमीटर पुरे झाले की इंजिनाचा आवाज बसतो, गिअर लोण्यासारखा पडायला लागतो आणि मालकाला वाटतं, आता गाडी आपली झाली. त्याच आठवड्यात लग्नाची पत्रिका येते. स्कॉर्पिओ, बोलेरो, थार कितीही असल्या तरी नवरदेवाला बसवायला गावाला लांबलचक, पांढरी, चकचकीत सेडानच लागते, आणि गावात ती एकच आहे. पाव्हणे दारात येतात, चहा घेतात, "तुमच्यासारखी गाडी नाही कुणाची" असं म्हणतात, आणि त्यांच्यात पत्रा पातळ आहे म्हणणारा परीक्षकही असतो. गाडी द्यावी लागते. देताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. फुलं दोऱ्याने बांधायची, चिकटपट्टीनं नाही. चाक तुमच्याच हातात राहील, नवरदेवाच्या मेव्हण्याच्या नाही. आणि डीजेच्या ट्रॉलीमागं गाडी पहिल्या गिअरात दोन तास सरकणार असेल, तर क्लचप्लेटचे पैसे आहेरात धरायचे.