शेरा : जपान पाहिला, खुलासा यावा

जपानला जाऊन आलेला मराठी माणूस पुढे महिनाभर सोसायटीला सुखाने जगू देत नाही. लिफ्टमध्ये गाठून सांगतो की तिथं रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, गाड्या सेकंदावर सुटतात, पाकीट हरवलं तर नोटांसकट परत मिळतं. एवढं झालं की 'आणि आपल्याकडे!' म्हणून उसासा टाकतो, आणि आपल्या मजल्यावर उतरताना लिफ्टचं दार उघडं ठेवून जातो.

माझी आत्या या पंथातली नाही. ती स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागातून निवृत्त झाली. अख्खी नोकरी जिल्हा परिषदांची आणि पंचायत समित्यांची दप्तरं चाळण्यात गेली. तिचा अनुभव असा, की खाडाखोड असलेलं कॅशबुक प्रामाणिक माणसाचं असतं. एका शाईत, एका बैठकीत लिहिलेलं स्वच्छ कॅशबुक समोर आलं की ती आधी चष्मा पुसायची, आणि मग समोरच्या ग्रामसेवकाला घाम फुटायचा. अशा बाईला चेरीच्या बहरात जपान दाखवायला नेण्याची बुद्धी मला झाली. विमान टोकियोला उतरलं, सामान सरकत्या पट्ट्यावर मुठी एका दिशेला करून रांगेत आलं, आणि आत्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

पहिला पॅरा, म्हणजे लेखापरीक्षेतला आक्षेप, शिबुयाला निघाला. स्टेशनबाहेर हाचिको कुत्र्याचा पुतळा आहे. त्याचे मालक प्राध्यापक होते, १९२५ साली वारले. तरी हा १९३५ पर्यंत, स्वतः मरेपर्यंत, स्टेशनवर त्यांची वाट पाहायला येत राहिला. आमच्या ग्रुपातल्या दोन काकूंनी डोळे टिपले. आत्याने विचारलं, "रोज येत होता याला मस्टर आहे का?" मूळ पुतळा १९३४ सालचा, म्हणजे कुत्रा हयात असताना उभारलेला, अनावरणाला तो जातीने हजर होता. हे कळल्यावर मात्र आत्याचा चेहरा थोडा निवळला. हयातीत पुतळा, उद्घाटनाला उत्सवमूर्तीच प्रमुख पाहुणे, हे तिच्या ओळखीचं होतं.

दुसरा पॅरा कचऱ्याचा. चिक्की खाल्ल्यावर तिला कागद टाकायला पेटी सापडेना. गाईडने सांगितलं, १९९५ साली मेट्रोत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर ठिकठिकाणच्या कचरापेट्या काढून टाकल्या. लोक आपला कचरा घरी नेतात. "म्हणजे तात्पुरती उपाययोजना तीस वर्षं चालू," असं पुटपुटत आत्याने कागदाची बारीक घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. लिफ्टपंथाच्या एका काकांनी त्याच वेळी केळ्याची साल शीतपेयांच्या यंत्राशेजारच्या, फक्त रिकाम्या बाटल्यांसाठी असलेल्या भोकात सारली आणि पुढच्या चौकात उभं राहून जपानी स्वच्छतेवर रील केलं. त्या रीलला गावाकडून भरपूर अंगठे आले.

असाकुसाला गणपती आहे हे आत्याला कुठून कळलं कोण जाणे. माझा विश्वास बसेना, पण मात्सुचियामाच्या टेकडावर खरंच देऊळ आहे. शोतेन म्हणजे आपलाच विनायक, बौद्ध धर्माच्या वाटेने चीनमार्गे तिकडे पोचलेला. मोदकाऐवजी त्याला मुळा वाहतात. नैवेद्य म्हणून मांडीएवढे पांढरेशुभ्र मुळे ओळीने मांडलेले. आत्याने तेही समजून घेतलं. संकष्टीला मुळा चालतो का, एवढाच प्रश्न तिने मनात ठेवला. अडचण वेगळीच निघाली. तिथली मूर्ती कोणाला दाखवत नाहीत. कायम झाकलेली. आत्याने पर्समधून लाल पेन काढलं आणि डायरीत लिहिलं, 'मूर्ती पडताळणीस उपलब्ध करून दिली नाही.' हाच शेरा पुढे फुजीच्या पायथ्याशी जसाच्या तसा उपयोगी पडला. ३,७७६ मीटरचा डोंगर, त्याच्यासाठी टूरचे पैसे भरलेले, आणि ढगात अर्धा दिवस बेपत्ता. जवळच्याच गावात २०२४ मध्ये फोटोवाल्या पर्यटकांच्या उपद्रवाला कंटाळून डोंगरासमोर काळी जाळी लावली होती, हे ऐकल्यावर आत्या म्हणाली, "बघ! लपवण्याची वृत्ती पहिल्यापासूनच."

पण खरी तपासणी बुलेट ट्रेनची झाली.

गाडी आली, दरवाजा फलाटावरच्या खुणेसमोर थांबला. आत्याने रेघेपासून दरवाजापर्यंतचं अंतर टाचेला टाच लावून मोजायला सुरुवात केली. दुसरं पाऊल मावलं नाही. आत बसल्यावर तिचा पारा उतरावा म्हणून मी तिला या गाडीची जन्मकथा सांगितली. जपानी रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी टोकियो-ओसाका मार्गाचा खर्च जवळजवळ २०० अब्ज येन दाखवून मंजुरी मिळवली. खरा आकडा सांगितला तर संसद नको म्हणेल, म्हणून त्यांनी तो जाणूनबुजून कमी दाखवला, असं म्हणतात. वर सरकारला मागे फिरता येऊ नये म्हणून १९६१ मध्ये जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलरचं कर्ज काढलं. शेवटी खर्च गेला ३८० अब्जांवर.

आत्या खिडकीतून वळली. तिच्या डोळ्यांत मी प्रथमच जपानविषयी माया पाहिली. "अरे, मग हे आपलेच की! आधी कमी दाखवायचं, खांब उभे राहिले की सुप्रमा घ्यायची. सिंचनाची कितीतरी दप्तरं अशीच पाहिलीत मी. मग पुढं? किती वेळा सुधारित मान्यता घेतली?"

"पुढं त्यांनी राजीनामा दिला. १९६३ साली. मुख्य अभियंता हिदेओ शिमा, त्यांनीही. गाडी १ ऑक्टोबर १९६४ ला धावली, पण उद्घाटनाला दोघंही नव्हते."

"वाढीव खर्चासाठी राजीनामा?" आत्याचा घास अडकला. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "अशानं माणसं कामं करणार कशी?"

मला उगाच खुमखुमी आली. मी म्हटलं, टोकियो-ओसाका ५१५ किलोमीटर. १९५९ च्या एप्रिलमध्ये कुदळ मारली आणि साडेपाच वर्षांत गाडी पळवली. आपली मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटर. नारळ २०१७ च्या सप्टेंबरात फुटला, तोही जपानच्या पंतप्रधानांच्या साक्षीने. ८१ टक्के कर्ज त्यांचंच, व्याज ०.१ टक्का, मुदत पन्नास वर्षं. आत्याने पेनाने हिशोब केला. "सात किलोमीटर आपलं कमी आहे. बचत आपली. आणि साडेपाच वर्षांत उरकलं याचा अर्थ भूसंपादनाच्या फायलीला त्यांनी द्यायला हवा तेवढा वेळ दिलेला नाही. पॅरा काढावा लागेल." मागच्या सीटवरच्या लिफ्टवाल्या काकांनी तेवढ्यात सांगितलं की २०१७ मध्येच टोकियोजवळ एक लोकल ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांऐवजी २० सेकंद आधी सुटली तर कंपनीने जाहीर माफी मागितली. काकांना त्यात राष्ट्रचारित्र्य दिसलं. आत्याला दिसलं ते असं : "आधी सोडायला पूर्वपरवानगी होती का? नव्हती. मग नुसती माफी कशी चालेल? कार्योत्तर मंजुरी घ्यायला पाहिजे."

क्योटोचा किन्काकुजी सोन्याने मढवलेला आहे, तळ्यात त्याचं प्रतिबिंब पडतं, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला नेमका तोच एक कोपरा फोटोसाठी हवा असतो. मूळ देऊळ १९५० साली एका तरुण भिक्षूने जाळलं. आता दिसतं ते १९५५ चं. आत्याने मोजून तीन शब्द लिहिले, 'दुय्यम प्रत पाहिली.' इसेचं देवस्थान तर ते लोक दर वीस वर्षांनी आपणहून उतरवतात आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर तस्संच नवं बांधतात. २०१३ ला बासष्टावी खेप झाली, पुढची २०३३ ला. आत्याला हे फार आवडलं नाही. बांधकामाची पुनरावृत्ती हा विषय तिला जवळचा होता, पण वीस वर्षं थांबायचं कशाला? एक पावसाळा पुरतो.

नाराला हरणं बिस्किटांसाठी वाकून नमस्कार करतात, आणि बिस्किट संपल्याचं लक्षात आलं की ढुशी देतात. आमच्या टूर मॅनेजरशी त्यांचं साम्य कोणीतरी मोठ्याने बोलून दाखवलं. बसमध्ये थोडा वेळ शांतता होती. तोदाइजीतल्या पंधरा मीटर उंच बुद्धाचे डोळे ७५२ साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून उघडले गेले. गाईडला वाटलं, आता तरी बाई सुखावतील. आत्याने विचारलं, "आला कधी?" ७३६ ला. "परत गेला कधी?" गेलाच नाही, ७६० मध्ये इथंच वारला. "म्हणजे चोवीस वर्षं प्रतिनियुक्ती! मूळ विभागाचं ना-हरकत पत्र कुठाय?" गाईडने नम्रपणे कमरेत वाकून माफी मागितली. कशाबद्दल ते त्याला कळलेलं नव्हतं, पण मला वाटतं तिथं ते कळावं लागत नाही.

टोकियोला परतल्यावर उएनोच्या बागेत, बहर पाहता पाहता, आत्या आपली पर्स बाकावर विसरली. डायरीसकट. म्हणजे सगळे आक्षेप गेले! मला, खरं सांगायचं तर, किंचित सुटल्यासारखं वाटलं. पण देश जपान. तासाभरात आम्ही पोलीस चौकीत होतो आणि पर्स टेबलावर होती.

हवालदाराने ती लगेच दिली नाही, हे आत्याच्या लेखी त्याचं पहिलं पुण्य. त्याने छापील फॉर्म काढला आणि पांढरे हातमोजे घालून एकेक जिन्नस बाहेर ठेवत यादी केली. नोटा. नाणी, मूल्यानुसार वेगवेगळी. बडीशेपेची डबी. जपमाळ. लाल पेन. आणि घडी घातलेला चिक्कीचा कागद : एक नग. आत्या खुर्चीच्या टोकावर येऊन बसली. तिच्या उभ्या हयातीत कोणत्याही पंचनाम्यात चिक्कीच्या कागदाची नोंद झालेली नव्हती. गाईड दुभाष्या झाला. कायद्याने सापडवणाऱ्याला ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं. इथं सापडवणाऱ्याने हक्क सोडला होता. "लेखी?" लेखी. तेही पुढे आलं. त्यावर लाल गोल शिक्का. याच देशाने सरकारी नियमांतून फ्लॉपी डिस्क हटवल्याचा आनंद २०२४ साली साजरा केला, असं गाईड मघाशी शरमून सांगत होता. शरमायचं काय त्यात, हे आत्याने त्याला आता समजावलं.

सगळं जुळत होतं. सहीसाठी पेन टेकवताना मात्र तिचा हात थांबला. तारखेच्या रकान्यात वर्ष लिहिलं होतं : ७.

"सन चुकलाय."

चुकला नव्हता. २०१९ मध्ये नवे सम्राट गादीवर आले, रेइवा काळ सुरू झाला, त्याचं हे सातवं वर्ष. सरकारी कागदावर तसंच लिहितात. आत्याने ऐकून घेतलं, ग्राह्य धरलं, आणि आपल्या सहीखाली ठसठशीत अक्षरात घातलं : शके १९४७. हवालदाराने ते पाहिलं, कमरेत वाकला आणि शेजारी शिक्का उमटवला.

पुढेमागे त्या चौकीचं लेखापरीक्षण झालंच, तर या नोंदीचा खुलासा करायला आत्या जातीने यायला तयार आहे. फक्त प्रवासभत्ता कोणत्या लेखाशीर्षातून मिळणार, ते त्यांनी आधी लेखी कळवावं.