चाक विचाराधीन आहे

वडखळ नाक्यावर आजवर जी माणसे थांबली, त्यांचे दोन वर्ग सहज पाडता येतात. गोव्याचा रस्ता आणि अलिबागचा फाटा जेथे एकमेकांचा निरोप घेतात, त्या ठिकाणी गणपतीच्या किंवा मे महिन्याच्या दिवसांत वाहनांच्या रांगेने ज्यांना सक्तीने थांबवले, तो पहिला वर्ग. आणि कढईतून निघणाऱ्या बटाटेवड्याच्या वासाने जे स्वखुशीने थांबले, तो दुसरा. आमचे नाना या दोहोंतही बसत नाहीत. ते मूळचेच इथले रहिवासी असून, आपल्या शर्यती सायकलसाठी चाकांची एक जोडी स्वतः निवडलेल्या भागांतून बनवून घ्यायची, या संकल्पापाशी ते थांबलेले आहेत, आणि हा मुक्काम इतका दीर्घ झाला आहे की नाक्यावरची हॉटेले बदलली, पाट्या बदलल्या, पण नानांचे चाक ‘विचाराधीन’ या अवस्थेतून पुढे सरकलेले नाही.

नानांना एकटी व्यक्ती समजणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ही एक जातच आहे. पुण्यात, नाशकात, ठाण्यात, जेथे म्हणून पन्नाशीनंतर सायकलीचे पुनरागमन झाले आहे तेथे तिचे सभासद आढळतात. तयार चाके विकत घेणे या मंडळींना कमीपणाचे वाटते; त्यांच्या लेखी ते दुसऱ्याच्या पत्रिकेवरून आपले लग्न ठरवण्यासारखे आहे. हब एका देशाचा, रिम दुसऱ्या देशाची, स्पोक तिसऱ्या देशाचे, आणि हे सर्व आपल्या वजनाला, आपल्या रस्त्याला व आपल्या हवामानाला अनुरूप असे जुळवून आणल्याखेरीज मनुष्याने पायडलवर पाय ठेवू नये, असा त्यांचा सिद्धान्त आहे. सिद्धान्तात खोट काढता येत नाही, हीच त्यांच्या निकटवर्तीयांची खरी अडचण आहे.

नाना महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले, ही बाब येथे नमूद करणे अगत्याचे आहे. कारण ज्या हाताने तीस वर्षे सात-बाराच्या फेरफारांवर शेरे मारले, त्या हाताला साधी चिठ्ठी करून दुकानात जाणे जमणारे नव्हते. त्यांनी रीतसर नस्ती उघडली. लाल फीत, वर विषय, आत अनुक्रमणिका आणि चार प्रकरणे: रिम, हब, स्पोक आणि निपल. प्रत्येक प्रकरणात अनुकूल व प्रतिकूल बाजूंची कैफियत, बाजारभावाची रुजुवात, आणि अखेरीस नानांचा अभिप्राय, जो बहुधा ‘फेरविचारार्थ सादर’ असा असतो. सादर करणारे नाना आणि ज्यांच्यापुढे सादर व्हायचे तेही नानाच असल्यामुळे या कारभारात वशिल्याला वाव नाही, परंतु दिरंगाईला भरपूर आहे.

विषयाचा आरंभ ते इतिहासापासून करतात. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावच्या जेम्स स्टार्ले याने हिलमन नावाच्या सहकाऱ्यासह १८७० साली तारांच्या ताणावर उभ्या राहणाऱ्या चाकाचे पेटंट घेतले, आणि १८७४ साली त्याच तारा हबला स्पर्शरेषेत, एकमेकींना छेद देत बांधण्याची युक्ती काढली, हे नाक्यावरच्या चहावाल्यालासुद्धा आता मुखोद्गत आहे. बैलगाडीचा आरा लाकडी खांबासारखा भार पेलतो. सायकलचा स्पोक इतका बारीक की त्याच्यावर भार टाकला तर तो वाकेल, म्हणून तो आधीच दोन्ही टोकांना ताणून ठेवावा लागतो, आणि सर्व स्पोक आपापल्या दिशेला ओढून एकमेकांना तोलत असल्यामुळेच रिम मध्यभागी निश्चल राहते. नाना हे समजावून सांगू लागले की मला दर वेळी त्यांचेच चरित्र ऐकल्याचा भास होतो; कारण त्यांच्याही भोवती मते, तक्ते, किमती आणि अनुभवी लोकांचे सल्ले यांचे बत्तीस स्पोक इतक्या समतोल ताणाने जडलेले आहेत की नाना कोणत्याही बाजूला रेसभर झुकू शकत नाहीत.

निपलचे प्रकरण हे या नस्तीतील सर्वांत जाड प्रकरण, आणि निपल ही चाकातील सर्वांत लहान वस्तू. स्पोकच्या टोकाला आटे असतात, त्यावर रिमच्या बाजूने हे बोंड फिरवून ताण कमीजास्त करतात. ते पितळेचे घ्यावे की अ‍ॅल्युमिनियमचे, हा वाद. पितळी निपल साधारण एक ग्रॅमचे, अ‍ॅल्युमिनियमचे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचे. दोन्ही चाकांची मिळून साठ धरली तर बचत चाळीस ग्रॅमची. या चाळीस ग्रॅमसाठी नाना एकदा मिस्त्रींच्या दुकानात सल्लामसलतीला गेले, तेव्हा मी तेथे पंक्चर काढून घेत बसलो होतो.

“मिस्त्री, खारेपाटाच्या हवेत अ‍ॅल्युमिनियम कितपत टिकेल?”

“दोन पावसाळे. मग त्याचं पांढरं पीठ होतं, नाना. स्टीलचा स्पोक, अ‍ॅल्युमिनियमचं बोंड आणि मिठाची ओल, तिघांचं पटत नाही. पितळ घ्या.”

“पण वजनाचं काय?”

“कुणाच्या?” मिस्त्रींनी विचारले.

नानांनी या प्रश्नाची नोंद घेतली, परंतु नस्तीत नव्हे.

मिस्त्री हा गृहस्थ नानांच्या अगदी उलट प्रकृतीचा. चाकाचा आउट काढायला त्याला ना मोजपट्टी लागते ना यंत्र. चाक फिरवायचे, रिमजवळ खडू धरायचा, जेथे खडू उमटला तेथे पाना लावून एका बाजूचा स्पोक पाव फेरा आवळायचा, समोरच्या बाजूचा तितकाच सैल करायचा, आणि मधूनमधून बोटाने स्पोक छेडून कानाने ताण ओळखायचा. नानांजवळ ताण मोजायचे परदेशी यंत्र आहे. ते कोऱ्या डब्यात असून, ज्या चाकाचा ताण मोजायचा ते चाक अद्याप व्हायचे आहे. तरीही स्पोकची लांबी काढताना मी नानांना पाहिले आहे, आणि त्या वेळी मनात आदरच उत्पन्न झाला. दोन जुने स्पोक बरोबर दोनशे मिलिमीटरवर कापून, त्यांच्या टोकांना निपल कायमची चिकटवून, ते रिमच्या समोरासमोरच्या भोकांतून घालून त्यांनी मधले अंतर घेतले; रिम थोडी फिरवून पुन्हा घेतले, सरासरी काढली. मग हबच्या कडांचा व्यास, दोन कडांमधले अंतर, स्पोकने स्पोकला तीनदा छेद द्यायचा ही अट, असे सगळे मांडून मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे स्पोक डाव्या बाजूपेक्षा का आखूड लागतात हे सिद्ध केले. उजवीकडे दातेरी चक्रांचा जुडगा बसतो, म्हणून तिकडची कड आत सरकते, स्पोक जवळजवळ उभे राहतात, आणि रिम मध्यावर ठेवण्यासाठी त्यांना डावीकडच्यांच्या जवळपास दुप्पट ताण सोसावा लागतो. मागच्या चाकाचे स्पोक तुटतात ते बहुधा उजवीकडचेच, असेही त्यांनी जाता जाता सांगितले. एवढे गणित बिनचूक करून नाना उठले, हात धुतले, आणि कागदावर लिहिले: ‘हब अद्याप मुक्रर न झाल्याने सदर लांबी तात्पुरती समजावी.’

हब मुक्रर का होत नाही, तर रिमला भोके किती हे ठरलेले नाही. चोवीस, अठ्ठावीस की बत्तीस हे ठरत नाही, कारण रिम कोणती हे ठरायचे आहे. रिम अडली आहे ती आतल्या रुंदीवर. रुंदी एकोणीस मिलिमीटर घ्यावी की तेवीस, हे टायरवर अवलंबून. टायर अठ्ठावीसचा की बत्तीसचा, हे रस्त्यावर अवलंबून. आणि रस्ता म्हणजे हा महामार्ग, ज्याच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. येथे पोहोचल्यावर नाना चष्मा पुसतात आणि अत्यंत शांत स्वरात म्हणतात, “ज्या रस्त्याचं काम सरकारचं ठरत नाही, त्या रस्त्याच्या टायरची रुंदी मी एकट्यानं कशी ठरवावी?” या युक्तिवादाला आजपर्यंत कोणी उत्तर दिलेले नाही. त्यांच्या पुतण्याने एकदा धीर करून म्हटले होते की नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत नऊ दिवसांच्या आत सायकलने ओलांडली, आणि तुमची पुढची रिम अजून ओलांडली जात नाही. नाना म्हणाले, “त्यांच्या चाकांची निवड आधी झालेली होती.”

नानांविषयी एवढ्यावरच मत बनवून मी मोकळा झालो असतो, पण गेल्या थंडीत एका रविवारी दुपारी जे घडले त्याने ते मत मला तहकूब करावे लागले. अलिबागहून पनवेलकडे परतणारा एक तरुण धरमतरचा पूल ओलांडून नाक्यावर आला तो सायकल हातात धरून. मागच्या चाकाचा स्पोक तुटला होता, उजवीकडचाच. चाक महागाचे, मोजून चोवीस स्पोकांचे. त्यामुळे एक जाताच रिम अशी वाकडी झाली की ब्रेकला घासून फिरेना. मिस्त्रींनी चाक पाहिले आणि हात जोडले. दातेरी जुडगा उतरवण्याचे हत्यार त्यांच्याकडे नव्हते आणि तसा स्पोकही नव्हता. कोणीतरी नानांना बोलावले.

नाना आले ते नस्ती काखेत मारून. तेलकट कागदात गुंडाळलेला पाना निघाला, साखळीचा चाबूक निघाला, जुडगा उतरला. मग त्यांनी नस्तीचे परिशिष्ट उघडले, जेथे निरनिराळ्या लांबीचे नमुन्याचे स्पोक दोऱ्याने शिवून, खाली आकडे घालून जतन केले होते. तुटलेला स्पोक चपटा, हा गोल. नानांनी क्षणभरही विचार केला नाही. नमुना उसवला, मूळचा स्पोक शेजाऱ्यांच्या वरून जात होता की खालून हे पाहून तसाच ओवला, पितळी निपल बसवले आणि चाक मिस्त्रींच्या हाती दिले. खडू दोनदा उमटला, तिसऱ्यांदा उमटला नाही. पाव तासात काम फत्ते.

ज्याला आपल्या चाकाचे एक बोंड निवडता आले नाही, त्याने परक्याच्या चाकाचा फैसला इतक्या झटपट कसा दिला, याचे नवल नाक्याला वाटले. मला फारसे वाटले नाही. त्या मुलाला सूर्यास्ताची मुदत होती, आणि मुदत असलेले प्रकरण नानांनी नोकरीतही कधी अडकवले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या सायकलीला तर जुनी, धड चालणारी चाके आहेतच. त्यामुळे नव्या चाकाची निकड नावाची गोष्ट नस्तीत कोठेच आढळत नाही. निवड हे त्यांचे साधन नव्हे, उपासना आहे. आणि उपासना संपवण्याची घाई कोणता भक्त करील?

मुलाने पैसे विचारले, नानांनी नाकारले. मग केवळ उपचार म्हणून, सायकलवर टांग टाकता टाकता, त्याने विचारले, “काका, मला नवीन चाकं करून घ्यायची झाली तर कुठली घ्यावीत?”

मिस्त्रींनी मान हलवून त्याला सावध करण्याचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. नानांनी बाकावरची धूळ झटकली. पहिला चहा स्टार्लेवर झाला, दुसरा रिमच्या रुंदीवर. दिवे लागले तेव्हा प्रकरण निपलवर आले होते. शेवटी तो मुलगा पनवेलला गेला तो सायकल एका टेम्पोत टाकून, आणि त्याच्या पाठीवरच्या पिशवीत नस्तीची संपूर्ण झेरॉक्स होती, जिच्या पहिल्या पानावर नानांनी स्वहस्ते शेरा मारला होता: ‘अवलोकन करून आपले अभिप्राय सात दिवसांत कळवावेत, म्हणजे अंतिम निर्णय घेणे सुलभ होईल.’