विजेरीची आपुलकी

तारोडीत रात्री वीज गेली, की फोनवर उतरवून घेतलेलं विजेरीचं अ‍ॅप पायाखालची वाट दाखवतं. त्याआधी ते फक्त तुमचा ठावठिकाणा, फोनबुक, फोटो आणि माइक मागतं. रास्तच आहे. वाट दाखवणाऱ्याला तुमचे साडू कोण, हे नको कळायला?

अमेरिकेत 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचं असंच एक मायाळू अ‍ॅप होतं. ग्राहकाने संमतीचं बटण दाबण्याआधीच ते त्याचा पत्ता जाहिरातवाल्यांकडे धाडू लागे. एवढी तत्परता कुठल्या कचेरीत सापडते? तरी तिथल्या व्यापार आयोगाने 2013 मध्ये त्यालाच धारेवर धरलं.

आपला 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही तसाच कोरडा. डॉक्टरी सल्ल्याच्या अ‍ॅपला फोनबुकची गरज नाही, असं उदाहरणच त्यात छापलंय. पेशंटच्या मामेभावाची चौकशी आता कुणी करायची?

खरं तर ही पद्धत उत्तनच्या मासळी बाजारातही यावी. अर्धा किलो बोंबील मागितले, की मावशीने आधी लग्नाचा अल्बम चाळावा, मग रात्री उशाशी बसून घरातलं बोलणं ऐकायची परवानगी घ्यावी. नकार दिलात, तर बोंबील नाहीत.

काही नतद्रष्ट मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन सगळ्या परवानग्या काढून घेतात. तरी उजेड पडतोच. आणि हल्लीच्या फोनमध्ये विजेरी मुळातच असते, अ‍ॅप लागत नाही.