रुपयाला किती ग्रॅम?

आमचं जेऊर म्हणजे करमाळा तालुक्यातलं, दौंड-कुर्डुवाडी लाइनवरचं. अक्कलकोट तालुक्यातही एक जेऊर आहे. तिथल्यांनी हे अंगावर ओढून घेऊ नये. गावाच्या नावातच ‘जेऊ’ आहे म्हटल्यावर जेवणाचा खोल विचार करणारा एखादा निघणारच. आमच्याकडे तो गणिताचे निवृत्त गुरुजी होऊन निघाला. नाव सांगत नाही, कारण हा एकटा माणूस नव्हे. कुठल्याही आठवडी बाजारात जा, एक विटकी कापडी पिशवी फिरताना दिसेल आणि पिशवीमागं एक गुरुजी.

बाजार भरतो सकाळी. गुरुजी घरातून हलतात दिवस कलल्यावर. सकाळचा भाजीवाला राजा असतो आणि संध्याकाळचा पाहुणा, ही त्यांची मांडणी. पाहुण्याला घरी जायची घाई असते.

“मावशी, मेथी कशी?”

“धाला पेंडी. तुमाला ईसला तीन.”

“मान टाकलीय की गं हिनं.”

“दिसभर उनात बसून माझीबी मान पडलीया, गुर्जी. माझंबी कमी करता का?”

गुरुजी हसत नाहीत. वीस रुपये मोजतात, तीन पेंड्या घेतात आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या मागतात. त्या मिळाल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं ते मानत नाहीत. मग पुढच्या पालावर तांदुळजा, अंबाडी, मिळाली तर घोळ. घोळ बांधावर फुकट उगवते. ती विकत घ्यावी लागते याचं दुःख त्यांना दर आठवड्याला नव्यानं होतं.

पण भाजी ही वरवरची बाब. गुरुजींचं खरं काम वहीत चालतं. डावीकडं जिन्नस, मध्ये भाव आणि उजवीकडं लाल शाईत ‘रु. १ ला ग्रॅम’. ग्रॅम प्रथिनांचे. हुलगा १०० रुपये किलो. शंभर ग्रॅमला दहा रुपये आणि त्यात प्रथिनं २२ ग्रॅम, म्हणजे रुपयाला २.२. शेंगदाणे १४० रुपये किलो. शंभर ग्रॅममध्ये २५ ग्रॅम, रुपयाला १.८. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम. गडी एकालासुद्धा पोचला नाही. गुरुजी माळकरी आहेत, अंड्याचा हिशेब त्यांनी निव्वळ गणित म्हणून केलाय. जवळच उजनी धरणाचं पाणी आहे, त्यात चिलापी मासळी आहे, पण तिचं पान कोरं. मला वाटतं, भाव कळला तर मोह होईल ही भीती असावी.

पुतण्या व्यायामशाळेत जातो. त्यानं आणलेला पावडरीचा डबा गुरुजींनी चष्मा वर करून वाचला. एका चमच्यात २४ ग्रॅम, चमचा पडला ऐंशी रुपयांना. “शून्य पूर्णांक तीन,” गुरुजी म्हणाले आणि नापास मुलाकडं बघावं तसं डब्याकडं बघितलं. तेव्हापासून पुतण्याला सकाळी हुलग्याचं माडगं मिळतं. त्याचे दंड अजून होते तेवढेच आहेत, पण रोज ७७ रुपये वाचतात.

दिवाळीला पुण्याची सून क्विनोआ आणि चिया घेऊन आली. आपल्या सासऱ्यांची तब्येत राहावी म्हणून, बिचारीनं मनापासून आणलं होतं. क्विनोआ पेरू-बोलिव्हियाकडचा, हे कळल्यावर गुरुजींनी आधी त्याच्या प्रवासखर्चाचा अंदाज काढला. “एवढ्या लांबनं आलेल्या पाहुण्याला शिजवायचं कसं?” मग सुनेला समोर बसवून तास घेतला. आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे. भारतानं सुचवलं म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष केलं, त्यात आपली ज्वारीही आली. ज्वारीत लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर. म्हणून भाकरीबरोबर आमटी. आणि ज्या ओमेगा-३ साठी चिया आणला, ते आपल्या जवसाच्या चटणीत आहे. यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. तरी सुनेनं दुसऱ्या दिवशीची सकाळची गाडी पकडली.

चिया आता घरात नाही. बाईंनी, म्हणजे गुरुजींच्या सौभाग्यवतींनी, तो सब्जा समजून दुधात घालून संपवला. क्विनोआ चिमण्यांना घातला. चिमण्यांचंही मत ज्वारीकडंच झुकलं.

या सगळ्या बचतीला एक भोक आहे, ते बाईंनाच ठाऊक. वाटे घेता घेता पिशवी दहा किलोची होते, गुरुजींचा गुडघा बोलायला लागतो आणि घरापर्यंत रिक्षाला वीस रुपये जातात. वहीत ते ‘किरकोळ’.

मागच्या उन्हाळ्यात मात्र वहीच अडली. आमच्या तालुक्यातली केळी आखाती देशांत जातात. सालीवर डाग दिसला की घड बाजूला पडतो. आतलं केळं तेच, फक्त दिसायला आपल्यासारखं. असला माल गुरुजींना एका शेतावर मातीमोल भावात सापडला. त्यांनी दोन क्रेट उचलले. रुपयाला प्रथिनांचा आकडा जेमतेमच होता, पण पोटॅशियमच्या जोरावर त्यांनी केळ्यांना उत्तीर्ण केलं. दोन दिवसांत उन्हानं सगळी केळी एकदम पिकली. शिकरण झालं, पोळीबरोबर झालं, पोळीशिवाय झालं. माझ्यासारख्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून बोलावून झालं. तिसऱ्या दिवशी उरलेला क्रेट बाईंनी शेजारच्या गाईपुढं ओतला.

संध्याकाळी शेजारणीनं अर्धा लिटर दूध आणून दिलं. पैसे घेईना.

मी तिथंच होतो. गुरुजींनी वही उघडली. दूध अर्धा लिटर, प्रथिनं १६ ग्रॅम. भावाच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि लाल पेन तसंच हवेत राहिलं. सोळा भागिले शून्य. आयुष्यभर ज्या भागाकारासाठी त्यांनी पोरांचे कान पिळले, तो वहीत येऊन बसला होता.

“चहाला घेऊ का यातलं?” बाईंनी आतून विचारलं.

“थांब जरा.”

पाच मिनिटं गेली. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक रुपया काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

“शेजारी देऊन ये,” ते म्हणाले, “आणि तिला सांग, वही अडलीय.”