आता बघा हं!

बेंगळुरूत विनोदी व्हायचं तर आधी इंजिनियर व्हावं लागतं. नियम कुठे लिहिलेला नाही, पण कानन गिल इथल्या एम. एस. रामय्या कॉलेजातून कॉम्प्युटर सायन्स करून सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला होता आणि त्याचा जोडीदार बिस्वा कल्याण रथ खरगपूरच्या आयआयटीचा. त्यामुळे माझा भाचा इथल्या कंपनीत लागला आणि संध्याकाळी इंदिरानगरच्या एका कॅफेत माइक धरून उभा राहू लागला, तेव्हा मला धक्का वगैरे बसला नाही. सगळं अभ्यासक्रमाप्रमाणे चाललं होतं.

ताईला मात्र बसला.

"अगं, पुलंनीही हेच केलं," मी फोनवर म्हणालो.

"पुलं एम. ए., एलएल. बी. होते."

"हाही बी. ई. आहे."

"पुलं नाटकं लिहायचे, पेटी वाजवायचे, सिनेमे काढायचे. हा नुसता बोलतो!"

ताईने नकळत धंद्याच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं. नुसतं बोलून भागत नाही.

लक्ष्मणराव देशपांड्यांनी १९७९ मध्ये 'वऱ्हाड निघालंय लंडनला' सुरू केलं. एकटा माणूस, ५२ भूमिका, आणि प्रयोग किती झाले याचा नाटकवाल्यांनाच हिशेब. लोक पाठ झालेली वाक्यं ऐकायला पुन्हा तिकीट काढायचे आणि वाक्य यायच्या आधीच हसायचे. आमचे एक काका तर शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून "आता बघा हं!" म्हणायचे. कलावंताला याहून मोठी पेन्शन नाही.

स्टँडअपवाल्याचं सगळं उलटं. कॅफेकॅफेतून घासून घासून तो तासाभराचं 'मटेरियल' जमवतो. त्यातलं निम्मं पडतं, तेव्हा समोरची चार टाळकी थंडपणे कॉफी ढवळत असतात. उरलेलं एक दिवस कॅमेऱ्यात जातं, मोबाइलवर येतं, आणि त्याच रात्री त्याच्यापुरतं संपतं. बारसं आणि बारावं एकाच मांडवात. पुढच्या कार्यक्रमात तोच विनोद केला तर पोरं म्हणतात, "हा बघितलाय."

मग माणूस करणार काय? कानन गिलने सुरुवातीला बिस्वाबरोबर यूट्यूबवर हिंदी सिनेमांची सालं काढली. २०१७ मध्ये 'कीप इट रिअल' हा तासाभराचा कार्यक्रम आला आणि त्याच वर्षी तो 'नूर'मध्ये सोनाक्षी सिन्हाबरोबर झळकला, म्हणजे ज्यांची सालं काढली त्यांच्याच पंगतीला जाऊन बसला. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर पुढचा कार्यक्रम. २०२३ मध्ये तर एका नॉर्वेजियन सिनेमात नाताळला सासुरवाडीला आलेला भारतीय होणारा जावई. २०२४ मध्ये 'ॲक्ट्स ऑफ गॉड' ही कादंबरी. कादंबरीत काही नाही तरी लोक दर वाक्याला हसतात की नाही हे समोर बसून बघावं लागत नाही.

विनोदवीर सुमुखी सुरेशचंही तेच. 'पुष्पवल्ली' ही मालिका तिने लिहिली आणि स्वतःच वठवली. एका पुरुषामागे भोपाळहून थेट बेंगळुरू गाठणारी बाई. सुमुखी तमिळ घरातली, पण जन्म नागपूरचा, एवढ्यावर आमच्या गोतावळ्याने तिला आपल्यात घेऊन टाकलं आहे. तिला विचारलेलं नाही.

भाच्याचं पहिलं चाललेलं मटेरियल म्हणजे मी. रिक्षावाल्याला मी "एष्टु?" एवढं कन्नडमध्ये विचारतो आणि पुढचं भांडण मराठीत करतो, यावर त्याने पाच मिनिटं काढली. पोरं लोळली. मीही हसलो, जरा मोजून.

पुढच्या वेळी मी इथल्या मराठी मंडळाच्या खजिनदारांना घेऊन गेलो. इंग्रजी विनोदांकडे त्यांनी ऑडिटरच्या नजरेने पाहिलं. मी दर दोन मिनिटांनी त्यांना ढोसत होतो, "आता बघा हं!" रिक्षा काही येईना. कार्यक्रम संपत आला तसं मीच ओरडलो, "अरे, रिक्षा!"

"मामा, ते जुनं झालं," भाचा माइकवरूनच म्हणाला.

"जुनं कसलं? तिकिटाचे पैसे घेतलेस ना?" खजिनदार उभे राहिले. "वन्स मोअर!"

त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तो. आता पाच मिनिटं खजिनदारांवर आहेत, आणि ती ऐकायला त्यांनी मंडळाची सगळी कार्यकारिणी जमवली आहे. भाचा विनोद बदलायच्या आत पोहोचायचं म्हणून सिल्क बोर्डच्या वाहतुकीचा अंदाज घेऊन दुपारी तीनलाच निघायचं ठरलंय.